पाच वाती, चार आवाज

एकदा एका उजाड माळावरच्या गावात विहीर खोदण्यासाठी एक वृद्ध सुरुंगवाला आपली माणसे घेऊन आला. दुर्गाप्पा त्याचे नाव, पण सगळे त्याला वस्तादच म्हणत. काळ्या पाषाणात भोके पाडायची, त्यांत दारू ठासायची, वाती पेटवायच्या आणि त्या जळून संपण्याआधी शिडी चढून वर यायचे, हे त्याचे काम. चाळीस वर्षे त्याने ते केले होते. तरीही त्याची दहाही बोटे आणि दोन्ही डोळे शाबूत होते, ही त्या धंद्यातली नवलाची गोष्ट होती.

त्याच्यापाशी हणमंता नावाचा शिष्य होता. वय सव्वीस, अंगाने काटक, पाच वर्षे वस्तादांच्या हाताखाली तयार झालेला. वाती पेटवण्याचे काम आता तोच करी. पेटवून झाल्यावर तो मुद्दाम क्षणभर खाली रेंगाळे आणि मग सरसर वर येई. काठावरची माणसे श्वास रोखून पाहत असत आणि त्याला ते आवडे. त्याची बायको रेणव्वा याच टोळीत फुटलेल्या दगडांच्या पाट्या उचलायची. ती मात्र त्या वेळी विहिरीकडे पाठ करून उभी राहायची.

विहीर खोदवून घेणारे शिवलिंगशेट हे कापडाचे मोठे व्यापारी. गावातल्या बायकांना दीड कोसावरच्या ओढ्यावरून पाणी आणावे लागे. त्याच वाटेवर डोक्यावर घागर घेऊन शेटजींच्या आईचे आयुष्य सरले होते. तिच्या मागे गावाला पाणी द्यायचे, हा त्यांचा संकल्प होता. चाळीस हातांवर खडकाला ओल दिसू लागली, तेव्हा त्यांना राहवेना. त्यांनी आसपासच्या गावांतून सोयरे बोलावले, मांडव घातला, पूजेची तयारी केली. आज पाणी लागणार, असे सर्वांना सांगून टाकले.

दुपारी हणमंताने पाच वाती पेटवल्या आणि वर येऊन दगडांच्या ढिगाआड आडवा झाला. पहिला आवाज झाला, मग दुसरा. मग एकमेकांना चिकटल्यासारखे दोन आले आणि नंतर सगळे शांत झाले. विहिरीतून धूर वर येत राहिला.

"चार," वस्ताद म्हणाले.

"पाच झाले की!" शेटजी म्हणाले. "शेवटचे तीन एकदम उडाले. हणमंता, तू सांग."

हणमंताला खात्री नव्हती. चार वाटत होते, पण शेवटच्या धडाक्यात तिसरा मिसळला असेल, असेही वाटत होते. त्याने वस्तादांकडे पाहिले.

"मी चार ऐकले," वस्ताद शांतपणे म्हणाले. "एक सुरुंग आत आहे. आज कोणी खाली उतरायचं नाही."

मांडवात चुळबुळ सुरू झाली. कोणी हसले. शेजारच्या गावचा एक पाहुणा मोठ्याने म्हणाला, "आमच्याकडच्या विहिरीला असंच झालं होतं. तिथला माणूस तसाच खाली गेला आणि हाताने वात उपटून घेऊन आला. त्याला म्हणतात छाती!"

ते शब्द हणमंताला लागले. त्याने धोतराचा काचा मारला, डोक्याला मुंडासे घट्ट बांधले आणि तो दोराच्या शिडीकडे निघाला. "वस्ताद, मी बघून येतो. दोन श्वासांचं काम आहे."

 वस्ताद शिडीपाशी गेले, त्यांनी ती हात-हात करून वर ओढली, तिची गुंडाळी केली आणि तिच्यावर मांडी घालून बसले. कप्पीचा दोरही त्यांनी सोडवून आपल्या मांडीवर घेतला.

मग त्यांनी त्याहून विचित्र गोष्ट केली. टोळीसाठी पिण्याच्या पाण्याच्या तीन घागरी झाडाखाली भरून ठेवलेल्या होत्या. त्यांनी रेणव्वाला त्या आणायला सांगितले आणि एकामागून एक तिन्ही घागरी विहिरीत रित्या केल्या. दीड कोसावरून आणलेले पाणी कोरड्या विहिरीत पडताना पाहून बायका हळहळल्या. मांडवात हशा उसळला.

"अहो, पाणी काढायला आलात की घालायला?" कोणीतरी ओरडले.

शेटजींचा चेहरा लाल झाला. ते जवळ येऊन दबक्या पण तिखट आवाजात म्हणाले, "दुर्गाप्पा, म्हातारपणी भीती वाटते, ते समजू शकतो. पण तुमचा माणूस तयार आहे. त्याला तरी अडवू नका. चार गावांसमोर माझी शोभा करताय तुम्ही."

"शोभा झाली खरी," वस्ताद म्हणाले. "माझीही झाली. उद्या सकाळी बघू."

संध्याकाळपर्यंत ते तिथून हलले नाहीत. पाहुणे पांगले, जाताना टोमणे मारून गेले. वस्ताद त्यांना हात जोडून निरोप देत राहिले, जणू काही घरच्या कार्याला आलेली माणसे परत निघाली होती. टोळीने तहानेल्या घशाने दुपार काढली. हणमंता दूर एका दगडावर बसून होता. पाच वर्षे ज्याला गुरू मानले तो माणूस भित्रा निघाला, या विचाराने त्याला भाकर गोड लागली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेटजी एकटेच आले. रात्रभर त्यांना झोप लागली नव्हती. सोयरे गेल्यावर, मांडव रिकामा झाल्यावर, त्यांना प्रथमच त्या विहिरीच्या तळाशी काय असेल याचा विचार सुचला होता.

"दुर्गाप्पा," ते म्हणाले, "ही विहीर सोडून द्या. खाली खरंच सुरुंग असेल तर त्याच्या शेजारी काम करायचं म्हणजे जिवाशी खेळ. आपण पलीकडच्या शेतात नव्याने खोदू. आईच्या नावाच्या विहिरीत कोणाचा जीव गेलेला मला नको."

हणमंताला वाटले, वस्तादांना हेच हवे असणार. पण वस्ताद उठले, त्यांनी शिडी विहिरीत सोडली आणि पहार खांद्यावर घेतली.

"ओल लागलीय, शेटजी. फार तर दोन हातांवर पाणी आहे. चाळीस हात खाली आल्यावर सोडायची नसते." मग ते हणमंताकडे वळले. "आत काम दोघांचं आहे. पहार मी धरीन, घण दुसऱ्याने मारायचा. घाव थोडा चुकला तरी दोघंही जाऊ. तू नाही म्हणालास तर मला राग येणार नाही. मी शिवाप्पाला विचारीन, टोळीत तोही घण मारतो."

हणमंता गोंधळला. काल कोणाला उतरू न देणारा माणूस आज स्वतः उतरत होता आणि आज त्याला कोणी उतर म्हणतही नव्हते. हणमंताने मागे पाहिले. रेणव्वा उभी होती. या खेपेला तिने पाठ फिरवली नव्हती. तिने मान हलवली नाही, डोळेही वळवले नाहीत. "येतो," हणमंता म्हणाला.

तळाशी पोहोचल्यावर वस्तादांनी हाताने धूळ बाजूला सारली. चार भोकांच्या जागी फुटलेला खडक होता. पाचवे भोक जसेच्या तसे होते. त्याची वात चार बोटे जळून विझलेली होती, कडा काळी आणि ओलसर. वस्तादांनी तिला स्पर्श केला नाही, नुसते वाकून पाहिले.

"कालच विझलीय," ते म्हणाले. "पेटली आणि लगेच गेली, पाणी पडायच्या आधीच."

हणमंताच्या तोंडून निघून गेले, "म्हणजे काल मी उतरलो असतो तरी काही झालं नसतं!"

"नसतं झालं. वर जाऊन बोलू. वात मेली तरी दारू आत जिवंत आहे, ती उकरायची नाही. दीड हात सोडून नवं भोक घ्यायचं. सावकाश मार. माझ्या हाताकडे बघ, दुसरीकडे नको."

काम दोन तास चालले. प्रत्येक घावानंतर वस्ताद पहार किंचित फिरवत आणि खडकाचा आवाज ऐकत. आवाज जरा बदलला की बोट वर करत. मग हणमंता घण खाली टेकवून थांबे. त्याच्या पाठीवरून घाम ओघळत होता आणि त्याला भीती वाटत होती, कालच्यापेक्षा कितीतरी अधिक. वर पाहणारे कोणी नव्हते, कारण वस्तादांनी सर्वांना लांब पाठवले होते. इतक्या एकांतात त्याने हे काम यापूर्वी कधीच केले नव्हते. पण थोड्या वेळाने त्याच्या ध्यानात आले, की हात स्थिर आहेत आणि मन पहारीच्या टोकाशी जाऊन बसले आहे. पाच वर्षांत त्याचा घण इतका नेमका कधी पडला नव्हता.

भोक झाले, दारू भरली, वात लावली. वस्ताद आधी वर गेले. हणमंताने वात पेटवली आणि तो क्षणभरही न रेंगाळता शिडी चढला.

जो धडाका झाला त्याने जुना सुरुंगही सोबत नेला. जमीन हलली. धूर निवळला तेव्हा खालून एक बारीक, खळखळता आवाज येत होता. शेटजी काठाशी गुडघ्यांवर बसले आणि लहान मुलासारखे रडू लागले. बायका धावत आल्या. सूर्य माथ्यावर येईपर्यंत तळाशी गुडघाभर पाणी साचले. पहिली घागर वर आली, तेव्हा ती गढूळ होती, तरी कोणी तिला नावे ठेवली नाहीत.

दुपारी सगळे झाडाच्या सावलीत विसावले. रेणव्वाने भाकरी वाढल्या. हणमंताने एक घास घेतला आणि म्हणाला, "वस्ताद, मला उलगडा होत नाही. काल वात विझलेली होती, धोका नव्हता, तेव्हा तुम्ही शिडी ओढून बसलात. आज घाव चुकला असता तर दोघं गेलो असतो. शेटजी तर सोडून द्या म्हणत होते. आणि तुम्ही उतरलात."

वस्तादांनी घास संपवला.

"विझलेली होती हे काल कोणाला ठाऊक होतं? आत धुमसत असेल म्हणूनच घागरी ओतल्या आणि रात्रभर थांबलो. तू उतरला असतास, वात उपटून वर आला असतास. गावाने तुला खांद्यावर घेतलं असतं. मला भीती होती ती त्याचीच. तू मरशील याची होतीच, पण तू जिवंत वर येशील याची जास्त होती."

हणमंताचा हात ताटातच थांबला.

"माझा थोरला भाऊ या कामात माझ्यापेक्षा हुशार होता," वस्ताद पुढे म्हणाले. "तीनदा असं झालं. तीनदा लोकांनी डिवचलं, तो लगेच उतरला आणि तीनदा हसत वर आला. हार घातले लोकांनी. त्याला वाटू लागलं, वाती आपल्याला ओळखतात. चौथ्या खेपेला मी काठावर उभा होतो. लोक म्हणतात, त्याला चौथ्या सुरुंगाने मारलं. त्याला आधीच्या तीन हारांनी मारलं."

 विहिरीकडून बायकांचे बोलणे ऐकू येत होते.

"आपल्या कामात धोका आहे, हणमंता. तो टाळायचा असता तर मी भाजी विकली असती. पण धोक्याचे दोन वाटे असतात. एक कामाचा. खडकातून पाणी काढायचं असेल तर तो घ्यावाच लागतो, आणि मी तो आनंदाने घेतो. दुसरा वाटा बघणाऱ्यांचा. त्यातून पाणी निघत नाही. काल विहिरीला तुझी गरज नव्हती, एक रात्र थांबून तिचं काही बिघडत नव्हतं. गरज मांडवाला होती. आज मांडव रिकामा होता आणि विहिरीला दोन माणसं हवी होती."

"पण लोक तुम्हाला भित्रा म्हणाले."

"म्हणाले. वाईट वाटलं मला." वस्ताद हसले. "खाली उतरणं दोन श्वासांचं असतं, तूच म्हणालास. हसणाऱ्या माणसांसमोर अख्खी दुपार बसणं मला अजून जड जातं. चाळीस वर्षं झाली तरी."

 हणमंताने हलकेच विचारले, "इतकं सगळं असून तुम्ही हेच काम का करता?"

"आवडतं म्हणून," वस्ताद म्हणाले. "खडकाच्या पोटातून पाणी हाक मारतं ना, तो आवाज ऐकायला आवडतो. त्याला त्याग वगैरे म्हणायची गरज नाही."

इतक्यात शिवलिंगशेट हातात ओला नारळ घेऊन आले. ते वस्तादांपुढे वाकले. मग हणमंताकडे पाहून, काहीतरी चांगले बोलावे म्हणून म्हणाले, "मी शिवाप्पाकडून ऐकलं, वात कालच विझली होती म्हणे. म्हणजे तू म्हणत होतास तेच खरं होतं, हणमंता. तू उतरला असतास तर कालच काम झालं असतं."

हणमंताच्या मनात क्षणभर जुना अभिमान हलला. मग त्याने आपल्या बायकोकडे पाहिले. ती भाकर मोडता मोडता थांबली होती.

"नाही, शेटजी," तो म्हणाला. "काल मला विहिरीत उतरायचं नव्हतं. मला तुमच्या मांडवासमोर वर यायचं होतं."

शेटजींना त्याचा अर्थ नीट लागला नाही. रेणव्वाला लागला. तिने पुढ्यातली अर्धी भाकर त्याच्या ताटात टाकली आणि आपली भाकर निवांत खाऊ लागली.