मनात पाठवायचा लेख

विज्ञानावर मराठीत ब्लॉग लिहिणाऱ्यांच्या मंडळाने शर्वाणी टिकेकरला आपल्या छापील अंकाची संपादक केलं, तेव्हा तिला वाटलं होतं, आता मनसोक्त वाचायला मिळेल. नशिबी आले ते गुळवणीसरांचे फोन.

गुळवणीसर म्हणजे मंडळाचे संस्थापक. एकाग्र मनाने केलेला विचार कितीही दूरच्या माणसाच्या मनात थेट उतरतो, असं सांगणारा लेख त्यांना छापून हवा होता. शर्वाणीने पुरावा मागितला की सर गरजायचे, "मी सांगतोय ना! तुझ्या वयाहून जास्त माझा अनुभव आहे." दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. समजावून समजावून तिचं डोकं उठलं.

शेवटी मंडळाच्या कोल्हापूरच्या संमेलनात सरांनी तिला भर सभेत उभं केलं. "बोला संपादकबाई, माझा लेख का अडवलात? लेख छापा, नाहीतर पद सोडा!"

सगळे ब्लॉगलेखक आणि वाचक तिच्याकडे बघू लागले. शर्वाणीचा संयम संपला होता.

"सर, तुमचं म्हणणं खरं असेल, तर लेख छापायचा कशाला? वाचक समोरच बसलेत. डोळे मिटा आणि पाठवा तो थेट त्यांच्या मनात!"

सर गडबडले. "अगं, असं कसं? तो खरंच पोचला की नाही, हे कळणार कसं?"

"सर, महिनाभर मी तुम्हाला दुसरं काय विचारतेय?"

सभागृहात हशा पिकला. सर खाली बसले, आणि त्या लेखाचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही.