पटावर नसलेली वाट

एका राज्यात पृथुसेन नावाचा राजा होता. त्याला काही कमी नव्हतं, पण बापजाद्यांचं नगर त्याच्या मनास येईना. त्यानं कपिलाक्ष नावाच्या मायाव्याला बोलावलं. कपिलाक्षानं रेशमी पट अंथरला आणि त्यावर नवं नगर काढलं. आपोआप उजळणारे दिवे काढले, पाहुण्याला 'या' म्हणणारी दारं काढली, सरळसोट रस्ते काढले.

"महाराज, मसणवट कुठं काढू?"

"मंगल चित्रात अभद्र कशाला? वगळ."

"काढीन ते उभं राहील. वगळीन ते उरणार नाही."

"वगळ म्हटलं ना!"

राजमाता सुलक्षणा शेजारीच होती. ती म्हणाली, "अरे पृथू, मग आम्ही म्हाताऱ्यांनी जायचं कुठं?"

राजा हसला. "आईसाहेब, अशा नगरात मरायला सवड कुणाला?"

मायाव्यानं फुंकर घातली. जुनं नगर विरलं, नवं उभं राहिलं. नदी आणि काठची मसणवट नाहीशी झाली. कपिलाक्ष बिदागी घेऊन गेला. राजा रोज पट उलगडून बघे आणि सुखावे. खाली मात्र उतरत नसे. पट पाहिला की नगर पाहिलं, असं त्याला वाटे.

पुढं राजमाता वारली. राजानं मडकं धरलं, तिरडी निघाली. पूर्वेचा रस्ता धरला, तो फिरून राजवाड्यापुढं आला. पश्चिमेचा धरला, तोही आला. दक्षिणेचा धरला, तोही तिथंच आला. खांदेकऱ्यांचे खांदे सोलले. आईला न्यावं कुठं, राजाला कळेना.

दिव्याच्या खांबावर टिटवी बसली होती. ती बोलली, "राजा, आईला वाट हवी तर तीन कामं कर. पहिलं, दारोदार जा आणि विचार, आत कोण आहे."

राजा पायी निघाला.

"या महाराज," एक दार म्हणालं. "आत आजोबा आहेत. वैशाखात निजले."

"या महाराज," दुसरं म्हणालं. "आत धाकटी लेक आहे. तिची आई रोज तिची वेणी घालते."

घरोघर प्रेतं होती. ती कुजत नव्हती, जात नव्हती. माणसं त्यांच्या उशाशी बसून जेवत होती.

"मला सांगितलं का नाही?" राजानं विचारलं.

वेणी घालणाऱ्या बाईनं मान वर केली नाही. "आलो होतो सांगायला. पहारेकरी म्हणाले, महाराज नगर बघतायत."

राजा टिटवीकडे परतला.

"दुसरं काम," टिटवी म्हणाली. "पटावर मसणवट काढ."

राजानं कोळसा घेऊन रेघ ओढली. रेशमावर ती धरेना. पुन्हा ओढली, पुन्हा विरली.

"उशीर झाला. आता तिसरं. तो पट आईला पांघर."

"मग माझं नगर?"

"ते तिच्याबरोबर जाईल."

राजानं पट छातीशी धरला. आईच्या चेहऱ्याकडे पाहिलं. मग पट उलगडून तिच्या अंगावर घातला.

दिवे विझले. दारं मुकी झाली. रस्त्यांची माती झाली आणि दक्षिणेला नदी दिसली.

घराघरातून तिरड्या निघाल्या. धाकट्या लेकीला तिच्या आईनं कडेवर घेतलं होतं. राजा काठावर उभा राहिला. सगळ्यांचं उरकेपर्यंत त्यानं अग्नी दिला नाही. राजमातेची चिता शेवटी पेटली. रेशमी पट तेवढा क्षणात गेला.

माया ओसरली आणि जुनं नगर पुन्हा उभं राहिलं. लोक आपापल्या जुन्या, ओल धरलेल्या घरांत परतले आणि चुली पेटल्या.

त्या राज्यात अजून नवं नगर वसवायचं झालं, तर राजा पहिली कुदळ मसणवटीसाठी मारतो. राजवाड्याची जागा मग बघतात.