हैबतीच्या मुलाचे पागोटे

एका राज्यात माणसाची ओळख त्याच्या पागोट्यावरून होई. मुलाला मिसरूड फुटले की बाप त्याला देवळापुढे पाटावर बसवी आणि स्वतःच्या हाताने त्याच्या डोक्याला पहिले पागोटे बांधी. त्यानंतरच मुलाने पेरणीची मूठ धरायची, त्यानंतरच बोहल्यावर चढायचे. राजपुत्र असला तरी पागोट्यावाचून त्याला सिंहासनाची पायरी वर्ज्य. रीत म्हणजे रीत.

त्या राज्याचा राजा वीरभान. पराक्रमी खरा, पण हावरा. डोंगरापलीकडे धूम्रकेश नावाचा जादूगार राहत असे. त्याच्या बापाने मरताना त्याच्यासाठी एक खजिना ठेवला होता. राजाच्या कानावर ते गेले मात्र, त्याला अन्न गोड लागेना. गावोगावचे धडधाकट पुरुष गोळा करून तो गेला आणि धूम्रकेश ध्यानात बसलेला पाहून खजिना घेऊन निघाला. धूम्रकेशाने डोळे उघडले, मूठभर राख फुंकली, आणि खजिना वाहणारे सगळे, राजासकट, वाटेवर उभ्याउभ्या दगड झाले. कुणाच्या डोक्यावर हंडा, कुणाच्या खांद्यावर पेटी, जो जसा होता तसाच, ओझ्यासकट दगड होऊन राहिला.

मग धूम्रकेशाचा आवाज घराघरात ऐकू आला. "माझ्या बापाची ठेव नेलीत. तुमच्या पोरांच्या डोक्यावर पागोटे टिकणार नाही. त्या पोरांतला एखादा ज्या दिवशी माझ्या दारी येऊन आपल्या बापाची तीन कामे सांगेल, स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेली, त्या दिवशी शाप सुटेल."

एवढे बोलून तो हसला. हसणारच, कारण ती सगळी पोरे तेव्हा पाळण्यात होती.

कान्हू त्या पोरांपैकी एक. त्याचा बाप हैबती पेटी खांद्यावर घेऊन वाटेवर उभा होता. आई दुसऱ्यांच्या शेतात राबे, आणि कान्हू दिवसभर इतर पोरांबरोबर भैरोबाच्या देवळात असे. देवळाचा मैराळ गुरव त्या दिवशी तापाने अंथरुणाला खिळला होता म्हणून वाचला. बायको ना मूल, एकटा जीव. वाचलो कशाला, असे त्याने देवाला विचारले असावे, आणि देवाने त्याच्या अंगणात ही सारी सेना आणून सोडली.

कान्हूला पुढे केस पिकल्यावरही त्या संध्याकाळी आठवत. आरती होई, धुपाचा वास पारावर येई, प्रसादाचे खोबरे दाढेखाली धरून पोरे मैराळाभोवती कोंडाळे करून बसत. मग तो एकेका पोराच्या बापाची गोष्ट सांगे. आज तुक्याचा बाप, उद्या सखारामाचा. राजपुत्र चंद्रभानही राजवाड्यातून पळून येई आणि आपल्या पाळीची वाट बघत गुपचूप मागे बसे. मैराळ सांगायला लागला की मेलेला माणूस पारावर येऊन तंबाखू मागेल असे वाटे. हैबतीने वाघाला काठीने कसे पिटाळले, पुरातून गाभण गाय कशी ओढून आणली, उपाशी वाटसरूला आपल्या ताटातली भाकरी कशी दिली, हे कान्हूला तोंडपाठ होते. कधी कधी त्याला वाटे, हे आपण पाहिलेच आहे.

एक गोष्ट मात्र मैराळ चालू देत नसे. कुणी चुकून त्याला बा म्हटले की तो थांबवी. "मला मामा म्हणा. बापाची जागा रिकामी नाही. तो वाटेवर उभा आहे." एरवी सगळ्यात चेष्टा करणारा माणूस, पण हे बोलताना हसत नसे. दुसऱ्याच्या जागेवर बसणे त्याला चोरीच वाटे.

पोरांना मिसरूड फुटले. राणीने मुहूर्त काढला, म्हाताऱ्या प्रधानाने राजपुत्राला पागोटे बांधले, आणि ते सगळ्यांसमोर आपोआप सुटून पायाशी पडले. एकामागून एक सगळ्यांचे तसेच झाले. पेरणीला हात नाहीत, लग्नाला नवरे नाहीत. शेते पडीक पडली, सिंहासनावर धूळ बसली.

तेव्हा कान्हू म्हणाला, मी जातो. बापाची तीन कामे मला सांगता येतात. मैराळाला त्यात शंका वाटली नाही. आपल्या गोष्टी ऐकलेले पोर पाहिल्यासारखेच आहे, असे त्यालाही वाटत होते. त्याने कान्हूच्या कपाळाला भैरोबाचा अंगारा लावला आणि म्हणाला, "देव पाठीशी आहे. घाबरलास तर नाव घे त्याचे. लाजू नकोस."

कान्हू दगडांच्या रांगेवरून गेला. हैबतीच्या दगडाजवळ थांबून त्याने नमस्कार केला, डोंगर चढला आणि धूम्रकेशाच्या दारी पोचला. दारावर एक साळुंकी बसली होती. सांगणाऱ्याने गोष्ट पाहिली आहे की ऐकली आहे, हे तिला कळत असे, आणि खोटे बोलणे तिला येत नसे. तिचा निवाडा खुद्द धूम्रकेशालाही मोडता येत नसे. आत धूम्रकेश बसला होता. त्याने मान वर करून कान्हूकडे पाहिलेही नाही.

"सांग," तो म्हणाला.

कान्हूने वाघाची गोष्ट सांगितली. चांगली रंगवून सांगितली, मैराळाच्या हातवाऱ्यांसकट.

"ऐकलेले," साळुंकी म्हणाली, आणि कान्हूचे पाय गुडघ्यापर्यंत दगड झाले.

त्याने गाभण गाईची गोष्ट सांगितली. साळुंकी तेच म्हणाली, आणि तो कमरेपर्यंत दगड झाला. त्याने भाकरीची गोष्ट सांगितली. दगड छातीपर्यंत चढला, आणि तो गार, जड भार त्याला श्वास घेऊ देईना. आता गळ्याशी येईल, मग तोंडाशी. हैबतीच्या रांगेत आणखी एक.

कान्हू घाबरला. त्याने भैरोबाचे नाव घेतले आणि खरोखरच लाजला नाही. मग त्याला रडू फुटले. बापासाठी नव्हे, राज्यासाठी तर मुळीच नव्हे.

"एक निरोप द्या," तो म्हणाला. "देवळात मामाला सांगा, माझी वाट बघू नको, जेवून घे. शेवटचे पोर परतल्याशिवाय तो ताटाला हात लावत नाही. एकदा मी रुसून रानात बसलो, दुसऱ्या दुपारी आलो, तर भाकरी तशीच वाळलेली. मला म्हणाला, बस, दोघे खाऊ."

"पाहिलेले," साळुंकी म्हणाली. दगड छातीवरून कमरेपर्यंत उतरला.

धूम्रकेशाने आता मान वर केली. कान्हूला त्याचे भान नव्हते. तो बोलतच सुटला, कारण बोलले की ते अंगण डोळ्यांपुढे येत होते. नैवेद्याचा नारळ चोरल्याच्या संशयावरून मैराळाने त्याच्या थोबाडीत दिली होती. नारळ माकडाने नेला होता, हे संध्याकाळी कळले. तेव्हा एवढा थोराड माणूस, देवाचा पुजारी, सगळ्या पोरांसमोर कान्हूपुढे हात जोडून उभा राहिला आणि चुकलो म्हणाला. त्या दिवसापासून कान्हूलाही चुकलो म्हणायला भीती वाटली नव्हती.

"पाहिलेले," साळुंकी म्हणाली. दगड गुडघ्यापर्यंत उतरला.

तिसरी गोष्ट सांगताना कान्हूला रडता रडता हसू आले. मैराळाला पाण्याची भयंकर भीती. पण पोरांना पोहायला शिकवायला बाप नाहीत, म्हणून तो कमरेला दोर बांधून, दोर वडाला बांधून नदीत गळ्याइतक्या पाण्यात उभा राही. दात वाजत, ओठ निळे पडत, आणि तशात तो हात असे मारा, पाय तसे मारा म्हणून ओरडे. सगळी पोरे मासोळ्यांसारखी पोहायला शिकली. तो शेवटपर्यंत शिकला नाही.

"पाहिलेले," साळुंकी म्हणाली. कान्हूचे पाय मोकळे झाले.

धूम्रकेश उठला. "मी बापाची कामे विचारली होती. हा मैराळ तुझा कोण?"

कान्हूला वाटले, मामा म्हणायचे तर शाप तसाच राहतो. दुसरा शब्द उच्चारायचा तर वाटेवर उभ्या असलेल्या हैबतीला काय वाटेल? त्याच्या दगडाला आत्ताच तर नमस्कार करून तो आला होता. मग त्याच्या ध्यानात आले की त्या दगडाला आपण हैबती म्हणून ओळखतो तेही मैराळामुळेच. मैराळाने सांगितले नसते तर तो रस्त्यावरचा एक दगड होता.

"मला दोन बाप आहेत," तो म्हणाला. "एक ऐकलेला, एक पाहिलेला. ऐकलेला मला पाहिलेल्यानेच दिला."

धूम्रकेशाने साळुंकीकडे पाहिले.

"खरे," ती म्हणाली.

जादूगाराने एवढेच विचारले, की माझ्या बापाची ठेव परत मिळेल का. कान्हूने हो म्हटले. पुढे ते बोलणे राजपुत्राने पाळले, आणि खजिना होता तिथे परत गेला.

कान्हू उतरला तेव्हा वाटेवरचे दगड विरघळून माती झाले होते, हंडे आणि पेट्या तेवढ्या उरल्या होत्या. लेकरांनी ती माती ओंजळीत घेऊन नदीत सोडली, बापांचे राहिलेले दिवस केले आणि पोटभर रडून घेतले. आयांनीही इतक्या वर्षांनी गळा मोकळा केला.

मग देवळापुढे पाट मांडला. कान्हूने पागोट्याचे कापड मैराळाच्या हातात दिले. मैराळ मागे सरकला, पुन्हा तेच म्हणू लागला, की ही जागा माझी नव्हे, प्रधानांना बोलवा, मला बांधता येत नाही. ते शेवटचे मात्र खरे होते. त्याने जन्मात कुणाला पागोटे बांधले नव्हते.

कान्हू पाटावर बसला आणि त्याने मान खाली घातली.

"बा, घट्ट बांध," तो म्हणाला.

मैराळाने कापड गुंडाळायला घेतले. डोळ्यांना धड दिसेना, पीळ सैल पडले, मागे सोडायचा शेमला भलत्याच बाजूला गेला. इतके वेडेवाकडे पागोटे त्या राज्यात कुणी पाहिले नव्हते. सगळे श्वास रोखून बघत राहिले, आणि पागोटे टिकले.

मागे राजपुत्र चंद्रभान मुकाट्याने आपले कापड घेऊन रांगेत उभा राहिला. त्याच्या मागे तुक्या, सखाराम, सगळे. मैराळ प्रत्येकाला बांधत गेला आणि प्रत्येकाकडून तो एक शब्द ऐकत गेला. सूर्य मावळेपर्यंत रांग चालली होती, आणि त्याने कुणालाही थांबवले नाही.