गॅलपच्या प्रदर्शनातलं टेबल

न्यू मेक्सिकोतल्या गॅलप गावात जुन्या दागिन्यांचं प्रदर्शन भरलं होतं. डेझबा त्सोसी या अमेरिकेतल्या नावाहो आदिवासी जमातीच्या बाईंनी आपला संग्रह मांडला होता: चांदीची हलकी कडी, त्यांत निळे पिरोजे आणि कडेने बाणांचे ठसे. शंभर वर्षांपूर्वी आगगाडीने येणाऱ्या गोऱ्या पर्यटकांसाठी नावाहो कारागिरांनी ती घडवली होती. डेझबाबाईंनी ती दूरदूरच्या शहरांतून शोधून परत आणली होती.

गोरे परीक्षक विटकोमसाहेब तिथे आले. नावाहो दागिन्यांचे बडे संग्राहक म्हणून त्यांचा मोठा दरारा होता. त्यांनी एक कडं उचललं आणि नाक मुरडलं.

"बाई, इथे जमातीने अंगावर वागवलेले दागिनेच मांडता येतात. हा पर्यटकांचा माल आहे. टेबल आवरा."

"हे माझ्या आजोबांनी घडवलंय."

"घडवलं असेल. पण तुमच्या लोकांनी कधी घातलं का?"

"नाही, पर्यटकांनी घातलं," डेझबाबाई ताठ मानेने म्हणाल्या. "पण तीही एक जमातच होती, साहेब. झुंडीने यायची, न विचारता आमच्या घरांत डोकावायची आणि हातात कडं चढवल्याशिवाय परत जायची नाही. तुम्ही आमच्या जमातीचे दागिने जमवता, मी तुमच्या जमातीचे जमवते. टेबल हलणार नाही."

आजूबाजूचे लोक खो खो हसले. विटकोमसाहेबांनी कडं खाली ठेवलं आणि ते वळले.

"आणि साहेब," डेझबाबाईंनी मागून हाक मारली, "तुमच्या आजीचं एखादं कडं घरात असेल, तर आणून दाखवा. अस्सल पर्यटकाचं निघालं तर ठेवून घेईन."