विरजणाचा निवाडा

नवरा गेल्यापासून सोनाक्काला बोलायला घरात एक तांबू गायच उरली होती. एके दिवशी डेअरीचे चेअरमन भुजंगराव दारात येऊन गरजले, "माझ्या गाईंच्या कासा सुजल्यात, इंजेक्शनंही लागू पडेनात. हा रोग तुझ्याच गाईनं आणला. गावाबाहेर काढ तिला!"

"काढते. आधी दोघांच्या दुधाला माझं विरजण लावू."

सकाळी देवळासमोर गाव जमलं. अक्काचं दही घट्ट लागलं होतं. चेअरमनांचं दूध पातळ ते पातळच.

भुजंगरावांनी मिशीवर हात फिरवला. "बघा! माझ्या दुधात जंतू जगतच नाहीत!"

"खरंय, दादा. तुमच्या इंजेक्शनांनी माझ्या विरजणातले गरीब जंतू रातोरात मेले. कासेतले मात्र तेच औषध पचवून पैलवान झालेत. माझ्या गोठ्यात तर सुईच आली नाही. मग ही तालीम कुणाची?"

भुजंगरावांची मिशी खाली आली. माणसं हसत आपापल्या घरी गेली.

अक्का दह्याचं भांडं घेऊन गोठ्यात बसली. "जिंकलो गं तांबू," ती म्हणाली, "पण एवढं दही खायचं कुणी?"