समुद्रतळाची चूल

समुद्राला अजून कुणी नाव दिलं नव्हतं, तेव्हाची गोष्ट. खोल तळाशी, जिथं ऊन पोचत नाही, तिथं भुईच्या भेगेतून कढत पाणी उसळे. त्या चुलीला नळकिडे, म्हणजे नळीत राहणारे लाल तुऱ्याचे किडे, पिढ्यान्‌पिढ्या चिकटून होते. म्हातारी खेकडीण त्याच उबेत हात हलवी, तेव्हा हातांवरच्या केसांत डोळ्यांना न दिसणारे जीव वाढत, तेच तिचं अन्न.

एकदा ती एका नळकिडीवर खेकसली, "अगं, पाणी कोमट झालंय! पिल्लं प्रवाहात सोड."

"पोटच्या पोरांना अंधारात ढकलू? तुझेच हात गारठलेत, म्हातारे!"

"गारठलेत, म्हणूनच सांगते."

नळकिडीनं आपला लाल तुरा पाण्यात फिरवून पाहिला; पाणी खरंच कोमट होतं. तिनं पिल्लं सोडली.

थोड्याच दिवसांत चूल विझली. नळकिडी जागीच संपली. म्हातारी खुरडत दूरच्या नव्या भेगेशी पोचली, तर तिथं इवले लाल तुरे डुलत होते.

"आजी, ही चूल तरी कायमची ना गं?" त्यातल्या एका पिल्लानं विचारलं.

म्हातारीनं आधी उसळत्या पाण्यात हात धरला. "आज कढत आहे, जेवून घे. उद्या पुन्हा विचार."