पाचोळ्यातली अळंबी

"कशावरून ही खायची अळंबी?"

लखूबुवांनी हे विचारलं तेव्हा मठात पंगत बसली होती. पानांवर भात पडला होता. सतरा माणसं श्लोकाची वाट बघत होती.

शिष्य विश्राम भाजीचं पातेलं धरून उभा होता. अळंबीची ओळख आणि लागवड यांचं पंधरा दिवसांचं प्रशिक्षण घेऊन तो कालच परतला होता.

"वारुळावर येते ना, तीच आहे बुवा. मी ओळखली."

"मिळाली कुठं?"

"चिकूच्या आळ्यात. आपण पाचोळा पसरलाय, त्यात."

"तिथं वारूळ नाही."

"पाचोळ्याखाली वाळवी असते. तिथंही येते कधी कधी."

"मूळ कसं होतं?"

विश्राम हसला. "अळंबीला मूळ नसतं, बुवा."

"बरं. दांड्याखाली मातीत काय होतं?"

"ते... मी विळ्यानं वरच्या वर कापली. भाजीत माती नको म्हणून."

बुवांनी पातेल्यात डोकावून बघितलं.

पहिल्या पानावर जनाक्का बसल्या होत्या. सकाळपासून चुलीपुढे त्याच होत्या.

"बुवा, मी पातेल्यात चांदीची अंगठी टाकून बघितली. काळी पडली नाही."

"अंगठी जेवायला बसणार आहे का, जनाक्का?"

पंगत हसली. विश्रामही हसला. त्याला जरा धीर आला.

"बघा ना बुवा, अंगठीसुद्धा..."

"प्रशिक्षणात अंगठीबद्दल काय सांगितलं?"

विश्रामनं पातेलं दुसऱ्या हातात घेतलं.

"काय सांगितलं?"

"त्यावर विसंबू नका म्हणून."

हसणं थांबलं.

शेवटच्या पानावरून धोंडू गुरव म्हणाले, "बुवा, भात गार होतोय. पोरगा शिकून आलाय. आम्ही काय, जन्मभर आमटीच खायची?"

बुवांनी विश्रामकडे बघितलं.

"तू ओळखलीस ना?"

"होय."

"मग वाढ. जनाक्कांपासून सुरू कर."

विश्राम पुढे आला. जनाक्कांनी पान त्याच्याकडे सरकवलं.

"वाढ रे बाबा. चांगली डावभर वाढ. वासानंच भूक लागलीय मघापासून."

त्यानं डाव भरला. पानावर नेला.

डाव तिथंच राहिला. रश्शाचा एक थेंब भातावर पडला.

"वाढतोस ना?" जनाक्का म्हणाल्या.

विश्रामनं डाव परत पातेल्यात टाकला.

"पान... पान मागे घ्या, जनाक्का."

"का रे?"

"मागे घ्या म्हणतो ना!"

त्याचा आवाज एवढा चढला की पंगतीतलं एक माणूस उठून उभं राहिलं.

"एक अळंबी कापताना बुडासकट उपटून आली होती," विश्राम म्हणाला. "तिच्या बुडाशी पांढरी पिशवी होती."

"मग?" बुवांनी विचारलं.

"तेवढी फेकली."

"आणि बाकीच्या?"

"त्याच आळ्यातल्या... शेजारशेजारच्या."

"पिशवी म्हणजे काय, ते शिकवलं होतं?"

"पहिल्याच दिवशी. बुडाशी पिशवी म्हणजे विषारी."

बुवा झटकन जनाक्कांकडे वळले.

"मीठ कोणी चाखलं?"

"नैवेद्याच्या रांधपाचं मीठ कोण चाखतं, बुवा?"

"तू, विश्राम?"

त्यानं मान हलवली. नाही.

बुवांनी डोळे मिटले. उघडले.

"आता सांग. मघाशी एवढं विचारलं. का नाही बोललास?"

"टोपली भरली होती, बुवा. सकाळपासून सगळ्यांना मीच सांगत होतो... आज माझ्या हातची भाजी म्हणून."

जनाक्कांनी ते पान उचललं, दुमडलं आणि स्वतःच्या मागे ठेवलं. नवीन पान त्यांनी मागितलं नाही.

बुवा उठले. एका बाजूनं त्यांनी पातेलं धरलं, दुसऱ्या बाजूनं विश्रामनं. कुंपणाबाहेर त्यांनी कमरेएवढा खड्डा खणला आणि सगळं त्यात ओतून माती लोटली. मग ते चिकूच्या आळ्याशी गेले. बुवांनी पाचोळा हातानं बाजूला केला. कापलेल्या दांड्यांची बुडं मातीत तशीच होती. विश्रामनं खुरप्यानं एक काढलं. मग दुसरं.

दोन्हींना पिशवी होती.

तिसरं काढायला त्याचा हात धजेना. तो तिथंच खाली बसला.

आत पंगतीनं भात ताकाशी खाल्ला.

विश्राम म्हणाला, "बुवा, मला हाकलून द्या."

बुवा हातांची माती झटकत होते.

"मला यातलं काही कळत नाही, बुवा. आता अळंबी दिसली तरी भीती वाटेल. जन्मात कधी हात लावणार नाही."

"भीती वाटेल?"

"वाटतेच आहे."

बुवांनी खुरपं उचललं आणि त्याच्या हातात दिलं.

"मग उद्यापासून मठात येणारी प्रत्येक अळंबी तूच ओळखायचीस."